एंजल अंडी घालतात, पण टिकत नाहीत : आधी काय तपासायचं आणि तयारी कशाची करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. माशांच्या 2 फुटी टाकीत सहा एंजल मासे आहेत, वय साधारण वर्षभर. त्यातल्या दोघांची जोडी जमली आहे. दर बारा-पंधरा दिवसांनी फिल्टरच्या पाइपवर अंडी पडतात. कधी दुसऱ्या दिवशी ती पांढरी होतात, कधी सकाळी उठून बघावं तर पाइप स्वच्छ. सोबत एक सकर मासा आहे. पाणी बोअरचं, सोसायटीच्या सॉफ्टनर प्लांटमधून येणारं. अंडी काढून वेगळ्या भांड्यात वाढवावीत का, आणि मेथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) किती घालावं, हे विचारलं आहे.

मेथिलीन ब्लूचं प्रमाण पुढे सांगतोच. पण आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. येत्या वेळची अंडी वाचवायच्या मागे लागू नका. ती मासे खातात तर खाऊ द्या. एंजलची अंडी वाचवणं हे या सगळ्यातलं सोपं काम आहे, ते तुम्हाला जमणारच. खरी परीक्षा असते पिल्लं सुटी पोहायला लागल्यापासूनच्या आठ-दहा दिवसांत. त्या दिवसांत त्यांना जिवंत, बारीक आणि ताजं अन्न दिवसातून तीन-चार वेळा लागतं, आणि पाणी रोज बदलावं लागतं. ही तयारी नसताना अंडी वाचवली तर तीनशे पिल्लं फुटतात, पोहायला लागतात आणि डोळ्यांदेखत उपाशी मरतात. नवीन मंडळींचं हे असंच होताना मी वर्षानुवर्षं बघतो आहे, आणि ते बघवत नाही. जोडी चांगली असेल तर ती दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालणार आहे. तुमच्या हातात वेळ भरपूर आहे.

आता अंड्यांकडे वळू. अंडी पांढरी पडणं आणि अंडी गायब होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. त्यामुळे पुढच्या वेळी अंडी पडली की काही न करता फक्त नीट बघा. हातात टॉर्च आणि जमलं तर भिंग घ्या. ताजं अंडं बारीक मोहरीएवढं, मधासारख्या रंगाचं आणि आरपार दिसणारं असतं. फळलेलं अंडं दुसऱ्या दिवशीही तसंच पारदर्शक राहतं, आणि दीड दिवसाच्या आसपास त्यात गडद ठिपका दिसू लागतो. न फळलेलं अंडं चोवीस तासांच्या आत-बाहेर दुधाळ होतं आणि मग त्यावर कापसासारखी बुरशी धरते. म्हणजे बुरशी हे बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. आधी अंडं मरतं, मग बुरशी येते. मात्र एकदा ती आली की शेजारच्या जिवंत अंड्यांनाही गिळते.

झाडून सगळी अंडी दर वेळी पांढरी होत असतील, तर पहिली शंका घ्यायची ती जोडीवरच. नर नसेल तर दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात, आळीपाळीने अंडी घालतात आणि इमानेइतबारे राखण करतात. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही. एंजलमधले नर-मादी एरवी खात्रीने ओळखता येत नाहीत. कपाळाचा फुगवटा, परांची लांबी यावरून लोक सांगतात खरं, पण दुकानात त्या भरवशावर ‘पक्की जोडी’ म्हणून मासे घेऊ नका. खात्रीची वेळ एकच, अंडी घालण्याच्या आधीचा दिवस आणि अंडी घालतानाचा काळ. तेव्हा दोघांच्याही पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक, टोकदार आणि किंचित पुढे झुकलेली. दोन्ही नळ्या जाड दिसल्या तर तुमच्याकडे दोन माद्या आहेत. पहिली एक-दोन वेळा नर नवखा असल्यामुळेही अंडी फळत नाहीत. मादी ओळीने अंडी चिकटवत वर सरकते, तिच्या मागोमाग नराने त्याच ओळीवरून पोट घासत जायचं असतं. नवखा नर इकडेतिकडे भटकतो, इतर माशांना हुसकावण्यात वेळ घालवतो. हे अनुभवाने सुधारतं.

काही अंडी पारदर्शक, काही पांढरी असं मिश्र चित्र असेल तर पाण्याकडे बघा. सकाळपर्यंत पारदर्शक असलेली अंडी अचानक नाहीशी होत असतील तर खाणारा शोधा. तुमच्या बाबतीत खाणारा कोण, हे मी न बघताही सांगेन. सकर मासा. दिवसा तो काचेला चिकटून गरीब दिसतो, रात्री दिवे गेले की एंजलना अंधारात काही दिसत नाही आणि हा निवांत पाइपवर चढतो. जोडीच्या टाकीत सकर, दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारे मासे, लोच असलं तळाशी फिरणारं काहीही ठेवू नये. त्यांची सोय दुसरीकडे करा.

आईबापच अंडी खातात तेव्हाही त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. टाकीत इतर मासे असले, माणसं सतत समोरून ये-जा करत असली, रात्री दिवा एकदम बंद झाला, तर त्यांना अंडी वाचण्याची आशा वाटत नाही आणि ती पोटात जातात. न फळलेली अंडी तर ते खातातच, ती त्यांची साफसफाई आहे. तरुण जोडीने पहिल्या दोन-चार खेपा वाया घालवणं अगदी नेहमीचं. दुकानात मिळणारे एंजल पिढ्यान्पिढ्या अंडी आईबापांपासून काढून वाढवलेले असतात, त्यामुळे त्यांची राखणीची वृत्तीच गेली असं काही जण ठामपणे म्हणतात. मला ते पटत नाही. स्वतंत्र टाकी, शांत जागा आणि चार-पाच संधी दिल्या तर बऱ्याच जोड्या उत्तम आईबाप होतात. दोघं आळीपाळीने छातीच्या परांनी अंड्यांवर पाण्याचा झोत सोडतात, मेलेलं पांढरं अंडं तेवढं नेमकं टिपून काढतात, फुटलेली पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या स्वच्छ पानावर नेऊन चिकटवतात. पिल्लू निसटून खाली पडलं तर बाप खाली जाऊन ते तोंडात धरतो, क्षणभर चघळल्यासारखं करतो आणि परत जागेवर थुंकतो. एंजल पाळणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी बघावं.

एंजल ज्या सिक्लिड कुळातला, त्या कुळाची ही खासियतच आहे. आपल्या गोव्याच्या खाड्यांमधलं कालुंदर याच कुळातलं, तेही अंडी-पिल्लांची अशीच राखण करतं. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मिळणाऱ्या नारिंगी क्रोमाइडची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात. डिस्कसची पिल्लंही तशीच वाढतात. एंजलच्या पिल्लांना मात्र त्याची गरज नसते, म्हणून ती आईबापांशिवायही वाढवता येतात.

आता पाणी. एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रात त्याची नोंद 1823 साली झाली. दुकानातला मासा म्हणजे टेरोफायलम स्केलारे ही जात किंवा तिच्यापासून निवडीने तयार झालेले मार्बल, कोई, ब्लॅक, प्लॅटिनम, व्हेल (लांब परांचे) असे प्रकार. ओरिनोकोच्या खोऱ्यातला आल्टम ही वेगळी जात आहे, ती नवख्यांनी हातात घेऊ नये. स्केलारे संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि मुळांमध्ये राहतो. चपटं उभं अंग आणि त्यावरचे काळे पट्टे त्या उभ्या फांद्यांमध्ये लपून जातात. उभ्या पानावर, पाइपवर, हीटरवर अंडी घालण्याची सवय तिथलीच. आणि तिथलं पाणी अतिशय मऊ, क्षार जवळजवळ नसलेलं.

आपल्याकडचे टाकीत वाढलेले एंजल बोअरच्या जड पाण्यात मजेत जगतात, वाढतात, अंडीही घालतात. अडतं ते अंडी फळण्यापाशी. पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की फळणाऱ्या अंड्यांचं प्रमाण घटतं. महाराष्ट्रात बेसाल्टच्या पट्ट्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड लागतं. उलट मुंबईला भातसा-वैतरणा-तानसाचं किंवा पुण्याला खडकवासल्याचं नळाचं पाणी मिळतं ते सह्याद्रीतल्या पावसाचं, म्हणून मऊ. या दोन शहरांत पालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन घालवण्यापलीकडे सहसा काही करावं लागत नाही. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, किंवा दुकानातलं अँटीक्लोरीन पुरेसं आहे.

सॉफ्टनर प्लांटबद्दल गैरसमज फार आहे. तो पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, पण एकूण विरघळलेले क्षार तेवढेच राहतात. म्हणून टीडीएस मीटर लावलं तर आकडा आधीइतकाच दिसतो. मासे पाळायला असं पाणी चालतं, पैदाशीला मी ते वापरत नाही. पक्का मार्ग म्हणजे आरओचं पाणी. साधारण तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर असं मिश्रण करा आणि मीटरवर आकडा 100 ते 200 च्या दरम्यान आणा. बोअरचं पाणी फारच जड असेल तर बोअरचा वाटा आणखी कमी करा. निव्वळ आरओचं पाणी मात्र वापरू नका. त्यात पीएच सावरून धरणारं काहीच नसतं, तो एखाद्या रात्री धाडकन उतरतो. पीएच 6.5 ते 7 असला तर उत्तम, 7.5 ला काही बिघडत नाही. पीएच कमी करणाऱ्या बाटल्या आणू नका. त्यांनी आकडा दोन दिवस खाली जातो, परत वर येतो, आणि हा चढउतारच माशाला जास्त त्रास देतो. आहे त्या पाण्यातून नव्या मिश्रणावरही एकदम उडी मारू नका, दोन आठवड्यांत हळूहळू या.

2 फुटी टाकीबद्दल थोडं कठोर बोलतो. 2 फूट बाय 1 फूट बाय दीड फूट म्हणजे काठोकाठ भरली तरी 85 लिटर पाणी. त्यात मोठे सहा एंजल आणि सकर ही गर्दी झाली. त्यात जोडी जमली की ती अर्धी टाकी बळकावते आणि उरलेले चार कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराला, फाटक्या परांनी दिवस काढतात. ही टाकी फक्त जोडीला द्या आणि बाकीच्यांना 3 बाय दीड बाय दीडच्या टाकीत हलवा, किंवा ज्या दुकानातून घेतले तिथे परत द्या. नवीन घेणार असाल तर जोडीसाठी दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी चौकोनी टाकी मला सर्वांत सोयीची वाटते. उंची महत्त्वाची, कारण एंजल लांबीपेक्षा उंच वाढतो. तळाला रेती नको. स्पंज फिल्टर, हीटर, आणि अंडी घालायला एक उभी वस्तू : कडाप्प्याची अरुंद पट्टी, किंवा पांढऱ्याऐवजी राखाडी पीव्हीसी पाइपचा तुकडा, थोडा तिरपा टेकवलेला. ॲमेझॉन स्वोर्डचं रुंद पान त्यांना फार आवडतं, पण कुंडीतलं झाड पैदाशीच्या टाकीत साफसफाईला आड येतं. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा आणि रात्री खोलीत एखादा झिरो बल्ब राहू द्या. एवढ्याने बऱ्याच जोड्या अंडी खायच्या थांबतात.

तापमान 27 ते 28 अंश. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारापर्यंत जातो, तिथे हीटरशिवाय हा उद्योग करूच नये. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण येते, पाणी 32 च्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि अंडी खराब होतात. तिथे एप्रिल-मे जोडीला विश्रांती द्या. मादीलाही ती हवीच असते. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असू द्या. अंड्यांच्या भांड्यात हवा चार-पाच तास बंद पडली तर सगळं संपतं.

यानंतर येतो आर्टेमिया, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गणितं इथे सुटतात किंवा फसतात. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात टाकली की एका दिवसात त्यातून नारिंगी रंगाची, अर्ध्या मिलिमीटरची जिवंत पिल्लं निघतात. एंजलच्या नुकत्या पोहू लागलेल्या पिल्लाच्या तोंडात ती बरोबर मावतात. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तळ कापा आणि उलटी टांगा. बुचातून एअर पंपाची नळी आत घ्या. एक लिटर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खायचा सोडा, आणि सपाट अर्धा चमचा अंडी. हवा जोरात सोडा, इतकी की एकही अंडं तळाला बसता कामा नये. पाणी 27-28 अंशांवर राहील असं बघा आणि जवळ दिवा लावून ठेवा. चोवीस ते तीस तासांनी हवा बंद करा. रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाच्या बाजूला नारिंगी ढगासारखी जमतात. दहा मिनिटं थांबून खालून बारीक नळीने पिल्लं काढून घ्या, दाट विणीच्या कापडात गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि टाकीत द्या. टरफलं जमतील तेवढी टाळा, ती पिल्लांच्या पोटात अडकतात.

दोन बाटल्या ठेवा आणि एक दिवसाआड आलटून पालटून लावा, म्हणजे रोज ताजी पिल्लं निघतील. ताजेपणाला महत्त्व आहे. आर्टेमियाचं पिल्लू निघाल्यापासून स्वतःच्या पोटातला साठा खर्च करत असतं, सकाळच्या पिल्लातला कस संध्याकाळपर्यंत कमी झालेला असतो. अंड्यांचा डबा उघडल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. दुकानात सुट्या पुडीत मिळणारी अंडी कितपत निघतील याची खात्री नसते, म्हणून एंजलची अंडी पडण्याआधी दोनदा तरी बाटली लावून बघा. सगळी निघाली, अर्धी निघाली, काहीच नाही निघाली, हे तेव्हा कळलेलं बरं. सलग तीन वेळा तुमच्या हातून बाटली नीट निघाली की समजा तयारी झाली. मायक्रोवर्म (बारीक जिवंत कृमी) जोडीला ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या एकट्याच्या जिवावर वाढवलेली पिल्लं मला कधी जोमदार दिसलेली नाहीत. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा सल्ला अजूनही दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका, पाणी काही तासांत नासतं.

दुसरी तयारी फिल्टरची. एक जादा स्पंज फिल्टर आजच मोठ्या टाकीत टाकून चालू करा. महिनाभरात त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वस्ती करतील आणि पिल्लांच्या टाकीत तोच उचलून लावता येईल. नवाकोरा स्पंज पिल्लांच्या काहीच उपयोगाचा नाही.

एवढं झालं, आणि आईबापांना चार-पाच संधी देऊनही ते अंडी खातच राहिले, तर मग अंडी काढा. संध्याकाळी अंडी घालून झाली की तासाभराने पट्टी किंवा पाइप उचला. हवेत दोन-चार सेकंद गेले तरी काही होत नाही. दहा-पंधरा लिटरचं काचेचं भांडं घ्या, त्यात त्याच टाकीतलं पाणी भरा, पट्टी उभी टेकवा. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) अशा जागी ठेवा की बुडबुडे अंड्यांना थेट लागणार नाहीत, पण पाणी त्यांच्यावरून सतत वाहील. आईबापांच्या परांचं काम तो करतो. मेथिलीन ब्लू 1 टक्का द्रावण असेल तर 5 लिटर पाण्याला 1 मिली. बाटलीवर ताकद वेगळी असेल तर त्या हिशेबाने बदला. पाणी स्वच्छ निळं दिसावं, पण आरपार अंडी दिसली पाहिजेत. या भांड्यात स्पंज फिल्टर नको, औषध त्यातले जिवाणू मारतं. प्रकाश मंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने पांढरी अंडी तेवढी उचला. शेजारची दुखावतील असं वाटलं तर राहू द्या.

28 अंशांवर साधारण दोन ते अडीच दिवसांत शेपट्या वळवळू लागतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्याने पट्टीला लटकून राहतात, काही खाली पडून घोळक्याने थरथरत असतात. पोटाला बलकाची पिशवी असते, पुढचे चार-पाच दिवस तीच त्यांचं जेवण. या काळात त्यांना काहीही देऊ नका. दिलेलं कोणी खात नाही, फक्त पाणी बिघडतं. रोज थोडं थोडं पाणी बदलत निळा रंग घालवा. पिल्लं फुटली की आर्टेमियाच्या बाटल्यांचं वेळापत्रक पक्कं करा, पहिली बाटली अशी लावा की पोहायला लागतील त्या सकाळी ती तयार असेल.

मग एके दिवशी ती तळापासून सुटतात आणि अख्खा थवा पाण्यात आडवा पोहू लागतो. त्याच दिवशी पहिलं जेवण. जेवण दिल्यावर पंधरा मिनिटांनी टॉर्च मारून पोटं बघा. खाल्लेल्या पिल्लाचं पोट गोल आणि नारिंगी-गुलाबी दिसतं, काचेसारख्या अंगातून तो रंग लख्ख कळतो. पहिल्या दिवशी निम्म्यांची पोटं रंगलेली असतात, दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्यांची. यापेक्षा विश्वासाची चाचणी नाही. पोटं रंगली नसतील तर आर्टेमिया कमी पडला, शिळा निघाला किंवा पिल्लांपर्यंत पोचलाच नाही. सुरुवातीला पाणी सहा-सात इंचच ठेवा, म्हणजे अन्न आणि पिल्लं जवळ राहतात. दोन-तीन दिवसांनी जिवाणू बसलेला स्पंज लावा, हवा हळू ठेवा.

दिवसातून तीन-चार जेवणं, तीन-चार आठवडे. नोकरीवाल्या घरात हे कसं जमवायचं, ते आधी घरच्यांशी बोलून ठरवा. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर, रात्री झोपताना, आणि दुपारचं एक कोणीतरी घरातलं. रात्रीच्या जेवणानंतर एअर पंपाच्या नळीने तळ साफ करा आणि तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. बदलायचं पाणी आदल्या दिवशी भरून, त्याच तापमानाला आणून, क्लोरीन काढून ठेवलेलं असावं. नळीच्या दुसऱ्या टोकाला पांढरी बादली ठेवा, ओढली गेलेली पिल्लं त्यात दिसतात, ती ड्रॉपरने परत सोडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लांबट पिल्लांना वर-खाली पर फुटून ती एंजल दिसू लागतात. तेव्हापासून बारीक केलेले फ्लेक्स, फ्रोझन ब्लडवर्मचा (लाल अळ्यांचा) चुरा हळूहळू सुरू करा. गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे लाल किडे) स्वस्त पडतात आणि पिल्लं त्यावर तुटून पडतात, पण पोटाचे रोग घेऊन येतात. मी ते पूर्ण बंद केलं आहे.

पिल्लांचे वरचे-खालचे पर आखूड, वाकडे निघाले तर लोक जातीला दोष देतात. बहुतेक वेळा दोष गर्दीचा आणि पाणी न बदलल्याचा असतो. या वयात खुंटलेले पर पुढे कितीही खाऊ घातलं तरी भरून येत नाहीत. 3 बाय दीड बाय दीडच्या टाकीत, रोजच्या पाणी-बदलासह, रुपयाच्या नाण्याएवढी पन्नास-साठ पिल्लं नीट वाढतात. म्हणून तीनशेच्या तीनशे वाढवायचा हट्ट धरू नका. तळाशी घसटत राहणारी, कधीच न पोहणारी, कल्ल्यावरचं झाकण नसलेली पिल्लं वेळीच वेगळी काढावी लागतात. हे मन घट्ट करून करावं लागतं, पण अधू मासे दुकानात पाठवणं हा पुढच्या घेणाऱ्यावर अन्याय आहे आणि ते पैदाशीत वापरले तर जातीवरही. काळ्या एंजलची जोडी कोणी घेणार असेल तर तेवढं ध्यानात ठेवा की गडद काळी पिल्लं मुळात नाजूक असतात आणि सावकाश वाढतात.

जोडीची तब्येत हा सगळ्याचा पाया. अंडी घालणाऱ्या मादीला दिवसातून दोनदा, बदलून बदलून खाणं द्या : चांगले पेलेट, फ्रोझन ब्लडवर्म, मोठा आर्टेमिया. मासा खायचा थांबला, रंग काळवंडला आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबू लागली तर आतड्यातले परजीवी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर मेट्रोनिडाझोल लागू पडतं, तेही खाण्यातून दिलं तर जास्त. मासा अजून खातो आहे तोवर उपचार सुरू करा, पुढे औषध पोटात जायचा मार्गच बंद होतो. नवीन कोणताही मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय जोडीजवळ नेऊ नका, त्याची जाळी आणि नळीही वेगळी ठेवा.

शेवटी पिल्लांचं काय करणार, हे अंडी वाचवायच्या आधी ठरवा. जवळच्या दुकानदाराला आजच विचारा, नाण्याएवढी पिल्लं किती घेईल आणि बदल्यात पैसे देईल की खाणं-सामान. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात कोलकात्याचा आणि चेन्नईच्या कोळत्तूरचा माल मोठ्या प्रमाणात आणि स्वस्त येतो, त्या भावाशी घरगुती पैदास बरोबरी करू शकत नाही. पण आपल्याच गावच्या पाण्यात वाढलेला, प्रवासाचा ताण नसलेला, भरल्या परांचा मासा चांगला दुकानदार ओळखतो आणि आवर्जून मागतो. उरलेली पिल्लं ओळखीच्या पाळणाऱ्यांना द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत एकही सोडू नका. देशभरातल्या कित्येक नद्या-तळ्यांत आज सकर मासा जाळ्यात सापडतो, तो तिथे लोकांनी टाकीतून सोडल्यानेच पोचला. तुमच्या टाकीतला सकर हलवताना हेही लक्षात असू द्या, तो दुकानातच परत जायला हवा.

आता क्रम असा लावा : या आठवड्यात सकर आणि इतर चार एंजल हलवा, जादा स्पंज टाका, जोडीच्या नळ्या बघा. पुढचे दोन आठवडे पाण्याचं मिश्रण आणि आर्टेमियाच्या बाटल्या. त्यानंतर जी अंडी पडतील ती आईबापांपाशीच राहू द्या आणि दीड दिवसाने टॉर्च घेऊन काळे ठिपके मोजा. निम्म्याहून कमी अंड्यांत ठिपके दिसले तर मीटरचा आकडा आणि नळ्यांचा फोटो पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.